एकाच पत्त्यावर दोन यंत्रे: हिंगण्याच्या एका चाचणी प्रयोगशाळेतील मीटरचे प्रकरण

नागपूरच्या हिंगणा औद्योगिक वसाहतीत विद्युत उपकरणांची चाचणी करणारी एक लहान खासगी प्रयोगशाळा आहे. हिवाळा सरता सरता तिच्याकडे सर्वाधिक काम येते ते कूलरच्या मोटारींचे. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, कूलर रात्रंदिवस चालतात आणि पंख्याच्या मोटारीचे वेटोळे तापून जळाले की सगळा रोष उत्पादकावर येतो. त्यामुळे हंगाम सुरू होण्यापूर्वी मोटारींची तापमानवाढ चाचणी करून घेण्याकडे उत्पादकांचा कल असतो. या चाचणीसाठी टेबलावर ठेवलेल्या साडेसहा अंकी डिजिटल मल्टीमीटरचा (विद्युतदाब, रोध वगैरे मोजणाऱ्या मीटरचा) संगणकाशी असलेला संपर्क नेमक्या मोक्याच्या क्षणी तुटू लागला आणि चाचण्या वाया जाऊ लागल्या. मीटर बिघडले असावे, केबल खराब असावी, सॉफ्टवेअरमध्ये दोष असावा, असे सर्व तर्क करून झाल्यावर प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी मला जोडणी तपासण्यासाठी बोलावले. दोष यांपैकी कशातच नव्हता. तो मीटरला दिलेल्या नेटवर्क पत्त्यात होता, आणि तो पत्ता ज्या पद्धतीने दिला गेला त्या पद्धतीत होता.

चाचणीचे स्वरूप

मोटारीच्या वेटोळ्यात तापमापक खुपसता येत नाही, म्हणून वेटोळ्याच्या रोधावरून, म्हणजे विजेला होणाऱ्या त्याच्या अडथळ्यावरून, त्याचे तापमान काढतात. मोटार थंड असताना रोध मोजायचा, मग ती ठरलेल्या विद्युतदाबावर तापमान स्थिरावेपर्यंत चालवायची, बंद करायची आणि लगेच पुन्हा रोध मोजायचा. तांब्याचा रोध तापमानाबरोबर ठरावीक प्रमाणात वाढत असल्याने दोन्ही रोधांतील फरकाला थंड रोधाने भागून, त्याला २३४.५ (तांब्याचा स्थिरांक) अधिक सुरुवातीचे तापमान या बेरजेने गुणले आणि दरम्यान खोलीचे तापमान जेवढे वाढले तेवढे वजा केले, की वेटोळ्याची तापमानवाढ मिळते. उदाहरणादाखल, ३० अंशांना ४२ ओहम असलेले वेटोळे गरम झाल्यावर ५४.६ ओहम दाखवत असेल आणि खोली ३४ अंशांवर गेली असेल, तर तापमानवाढ ७५ अंशांच्या किंचित वर येते. याच उदाहरणात गरम रोध मोजताना एक टक्का चूक झाली तर उत्तरात सुमारे साडेतीन अंशांचा फरक पडतो. मर्यादेच्या काठावर असलेली मोटार तेवढ्यावर उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण होऊ शकते.

मोटार चालू असताना वेटोळ्यात वीज असते, त्यामुळे तेव्हा मल्टीमीटरने रोध मोजता येत नाही. वीज बंद होताच वेटोळे निवू लागते आणि सुरुवातीला ते सर्वात वेगाने निवते. म्हणून बंद केल्यानंतर शक्य तितक्या लवकर पहिले वाचन घ्यायचे, मग थोड्या थोड्या अंतराने वाचने घेत राहायची आणि त्यांवरून काढलेला वक्र मागे नेऊन बंद करण्याच्या क्षणीचा रोध ठरवायचा, अशी पद्धत आहे. ही पहिली वाचने हुकली तर वक्र उशिरा सुरू होतो आणि मागे नेण्याचे अंतर वाढते. मग मोटार पुन्हा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबून सगळी चाचणी पहिल्यापासून करावी लागते. या प्रयोगशाळेत हेच घडत होते. सकाळचे थंड वाचन बिनबोभाट मिळे, मोटार तासन्‌तास चाले, आणि ती बंद करून तंत्रज्ञाने वाचन सुरू केले की संगणकाच्या पडद्यावर संपर्क तुटल्याची सूचना येई.

पहिला बिघाड आणि त्यावर केलेला उपाय

मीटर विकत घेतल्यावर ते कार्यालयाच्या नेटवर्कला जोडले गेले होते. प्रयोगशाळेला वेगळे नेटवर्क नव्हते. बिलाचे संगणक, प्रिंटर, कॅमेरे, कर्मचाऱ्यांचे मोबाइल आणि चाचणीचा संगणक हे सारे एकाच राउटरवर होते. हा राउटर एक बाहेरचा कंत्राटदार सांभाळत असे. राउटरवर डीएचसीपी सुरू होते, म्हणजे कोणतेही यंत्र नेटवर्कला जोडले की राउटर त्याला आपल्या साठ्यातून एक पत्ता ठरावीक मुदतीसाठी देत असे. हा साठा १९२.१६८.१.२ पासून १९२.१६८.१.२५४ पर्यंत, म्हणजे राउटरचा स्वतःचा पत्ता सोडून उपलब्ध असलेला प्रत्येक पत्ता, असा ठेवलेला होता. घरगुती वापरात याने काही बिघडत नाही. प्रयोगशाळेत मात्र हाताने पत्ता देण्यासाठी एकही सुरक्षित जागा उरत नाही, आणि पुढच्या सगळ्या प्रकाराचे मूळ इथे आहे.

मीटर कारखान्यातून येतानाच डीएचसीपीवर होते. त्याला १९२.१६८.१.५० हा पत्ता मिळाला, तोच चाचणीच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिला गेला आणि बराच काळ सर्व सुरळीत चालले. मुदत संपण्यापूर्वी मीटर नूतनीकरण मागत असल्याने पत्ता बदलत नव्हता.

उन्हाळा लागला आणि संध्याकाळच्या वादळांत वीज जाऊ-येऊ लागली. चाचणीचा संगणक यूपीएसवर होता. मीटर, नेटवर्कच्या तारा एकत्र जोडणारा स्विच आणि राउटर मात्र थेट विजेवर होते. वीज परत आली की मीटर काही सेकंदांत सुरू होऊन पत्ता मागे, पण राउटरला पूर्ण सुरू व्हायला दोन-तीन मिनिटे लागत. उत्तर न मिळाल्याने मीटर स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेऊन बसे. हा बिघाड नाही. डीएचसीपी न मिळाल्यास यंत्राने या राखीव पट्ट्यातून स्वतः पत्ता निवडावा, अशी ही प्रमाणित सोय आहे आणि एकच संगणक व एकच उपकरण थेट केबलने जोडलेले असेल तर ती फार उपयोगी पडते. परंतु इथे संगणक १९२.१६८.१ च्या जाळ्यात होता आणि मीटर १६९.२५४ च्या, त्यामुळे दोघांची गाठ पडत नव्हती. या मीटरमध्ये पुन्हा डीएचसीपी मागण्याची क्रिया केवळ केबल काढून लावल्यावर किंवा मीटर बंद-चालू केल्यावर होत असे.

हे तंत्रज्ञाच्या लक्षात आले. त्याने मीटरच्या पुढच्या पटलावरून डीएचसीपी बंद केले आणि आतापर्यंत असलेला १९२.१६८.१.५० हाच पत्ता कायमचा लिहून टाकला. मीटर पुन्हा कधीही १६९.२५४ वर गेले नाही. पहिला बिघाड खरोखरच दूर झाला होता.

या निर्णयाला मी निष्काळजीपणा म्हणणार नाही. ज्याने तो घेतला त्याची उमेदवारी जीपीआयबी या उपकरणे संगणकाला जोडण्याच्या जुन्या केबलवर झाली होती. १९७५ साली प्रमाणित झालेल्या त्या जोडणीत प्रत्येक उपकरणाला ० ते ३० पैकी एक क्रमांक द्यायचा असतो, जास्तीत जास्त पंधरा उपकरणे एकमेकांना जोडता येतात आणि सगळ्या केबलची लांबी मिळून वीस मीटरच्या पुढे जाऊ द्यायची नसते. तिथे उपकरणाचा क्रमांक टेबलावर बसलेला माणूस ठरवतो आणि टक्कर झालीच तर ती डोळ्यांसमोरच्या दुसऱ्या उपकरणाशी होते. इमारतीतले भलतेच यंत्र येऊन मल्टीमीटरचा क्रमांक बळकावेल, ही शक्यताच त्या व्यवस्थेत नाही. उपकरणे इथरनेटवर आली, केबल बदलली, पण पत्ता टेबलावर ठरतो ही समजूत तशीच राहिली. मीटरवर पत्ता कायम केल्याने तो राउटरच्या साठ्यातून वजा होत नाही. राउटरला त्या बदलाची खबरही लागत नाही. मीटरने नूतनीकरण मागणे थांबवले, तेव्हा राउटरच्या दृष्टीने १९२.१६८.१.५० हा पत्ता मुदत संपून मोकळा झाला होता.

दुसरा बिघाड

पुढे हंगामाच्या ऐन गर्दीत संपर्क तुटण्याचा प्रकार सुरू झाला. या वेळी तो वीज जाण्याशी जोडता येत नव्हता. केबल बदलून झाली, स्विचवरचे भोक बदलून झाले, सॉफ्टवेअर पुन्हा बसवून झाले. मी पोहोचलो तेव्हा तंत्रज्ञाने पहिल्याच वाक्यात अडचण नेमकी मांडली: “सर, पिंग तर बरोबर येऊन राहिलं आहे, पण मीटर काही बोलत नाही.”

या वाक्याचा पूर्वार्ध सर्वांनी मीटर नेटवर्कवर जिवंत असल्याचा पुरावा मानला होता. पिंग म्हणजे एखाद्या पत्त्यावर यंत्र आहे का हे पाहण्यासाठी पाठवलेली छोटी हाक. तिचे उत्तर इतकेच सांगते की त्या पत्त्यावर कोणीतरी आहे. ते कोण आहे, हे पिंग सांगत नाही. म्हणून पिंग सतत चालू ठेवून मी तंत्रज्ञाला मीटरच्या मागची केबल काढायला सांगितले. केबल निघाली, मीटरच्या पडद्यावर जोडणी नसल्याची खूण आली, आणि पिंगची उत्तरे येतच राहिली.

त्यानंतर शोध सरळ होता. एकाच जाळ्यातील दोन यंत्रे प्रत्यक्षात एकमेकांशी बोलतात ती १९२.१६८.१.५० सारख्या आयपी पत्त्यावर नव्हे, तर नेटवर्क कार्डात कारखान्यातच घातलेल्या ४८ बिटांच्या मॅक पत्त्यावर. संगणकाला मीटरशी बोलायचे असले की तो आधी साऱ्या जाळ्याला हाक देतो, की अमुक आयपी पत्ता कोणाचा आहे, आणि जो उत्तर देईल त्याचा मॅक पत्ता एका तात्पुरत्या तक्त्यात लिहून ठेवतो. एआरपी नावाची ही पद्धत १९८२ पासूनची आहे आणि तिच्यात उत्तर देणाऱ्याची ओळख पडताळण्याची कोणतीही सोय नाही. संगणकाच्या आज्ञापटलावर हा तक्ता उघडला, तेव्हा १९२.१६८.१.५० पुढे लिहिलेला मॅक पत्ता मीटरच्या मागच्या पट्टीवरील पत्त्याशी जुळत नव्हता. मॅक पत्त्याच्या सहा जोड्यांपैकी पहिल्या तीन जोड्या उत्पादकाला नेमून दिलेल्या असतात, आणि इथे त्याच वेगळ्या होत्या. म्हणजे उत्तर देणारे यंत्र त्या कंपनीचे मीटर असण्याचा संभव फारच कमी होता. केबल परत लावली, तक्ता पुसला, पुन्हा पिंग दिले, की कधी मीटरचा पत्ता येई तर कधी त्या दुसऱ्या यंत्राचा. पिंगच्या उत्तरातील टीटीएलचा आकडाही (उत्तराला अजून किती राउटर ओलांडता येतील याची मोजणी) त्याबरोबर बदलत होता, कधी ६४ तर कधी २५५. एकाच यंत्राकडून एकाच जाळ्यात येणाऱ्या उत्तरांत हा आकडा असा उड्या मारत नाही. हा आकडा आधीपासून सर्वांसमोर पडद्यावर होता, पण त्याकडे कोणी पाहिले नव्हते.

दुसरे यंत्र राउटरच्या यादीत सापडले. ते प्रवेशद्वारावरचे नवे हजेरी यंत्र होते. ते बसवणाऱ्यांनी कामकाजाची वेळ संपल्यावर बसवले होते. प्रयोगशाळेत संध्याकाळी टेबलाची मुख्य कळ बंद करण्याचा शिरस्ता आहे, त्यामुळे मीटर तेव्हा बंद होते. राउटरने मोकळा दिसणारा पत्ता दिला आणि हजेरी यंत्र दिवसरात्र चालू राहत असल्याने तो सतत नूतनीकृत होत राहिला. दुसऱ्या दिवशी मीटर आपल्या कायम पत्त्यासह उठले, आणि तेव्हापासून त्या पत्त्यावर दोन यंत्रे होती. हल्लीची पुष्कळ उपकरणे सुरू होताना हा पत्ता आधीच कोणाकडे आहे का, हे विचारून पाहतात आणि टक्कर असल्यास पडद्यावर सांगतात. प्रयोगशाळा उपकरणांच्या नेटवर्क जोडणीसाठीच्या एलएक्सआय प्रमाणातही ही अपेक्षा आहे. या मीटरवर एलएक्सआयची खूण नव्हती आणि त्याने काही सांगितलेही नाही.

राहिला प्रश्न वेळेचा. बिघाड नेहमी मोटार बंद केल्यावरच का होत होता? सकाळी सॉफ्टवेअर मीटरशी संपर्क जोडे आणि थंड वाचने घेई. तेव्हा हाक चुकीच्या यंत्राकडे गेली तरी तंत्रज्ञ पुन्हा प्रयत्न करी आणि एक-दोन खेपांत संपर्क जुळे, कारण थंड वेटोळे थांबायला तयार असते. त्यानंतर मोटार चालू असेपर्यंत मीटरला विचारण्यासारखे काही नसे. या शांततेत संगणकाच्या तात्पुरत्या तक्त्यातील नोंद शिळी होऊन मिटे. मोटार बंद झाली की पहिली आज्ञा पाठवण्यापूर्वी संगणक पुन्हा हाक देई, आणि या वेळी उत्तर हजेरी यंत्राचे आले तर ती आज्ञा फाटकावर जाई. हजेरी यंत्राला असा कोणताही संपर्क चालू असल्याचे ठाऊक नसल्याने ते तो तत्काळ तोडून टाकी. ज्या क्षणी वाचन सर्वात मोलाचे, नेमक्या त्याच क्षणी पत्ता नव्याने विचारला जात होता. चाचणीच्या रचनेतूनच बिघाडाची वेळ ठरत होती. ही गोष्ट मी मुद्दाम विस्ताराने लिहितो आहे, कारण मोक्याच्या वेळी बंद पडणाऱ्या उपकरणाला लहरी ठरवून ते दुरुस्तीला पाठवण्याकडे आपला कल असतो आणि दुरुस्ती केंद्रातून ते निर्दोष म्हणून परत येते.

पर्यायांचा विचार

तीन पर्याय समोर होते. पहिला, मीटर पुन्हा डीएचसीपीवर नेऊन राउटरमध्ये त्याच्या मॅक पत्त्यासाठी एक आयपी पत्ता राखून ठेवणे. यात पत्त्यांचा सगळा हिशोब एका जागी राहतो, आणि मोठ्या संस्थेत, जिथे नेटवर्क विभाग आपला आहे, तिथे मी हाच मार्ग सुचवतो. इथे मात्र राउटर कंत्राटदाराच्या ताब्यात होता. उद्या राउटर बदलला की राखीव नोंद त्याच्याबरोबर जाते, आणि वीज आल्यावर मीटर राउटरच्या आधी जागे होण्याची जुनी अडचणही तशीच राहते. दुसरा, राउटरचा साठा १०० पासून पुढे सुरू करून त्याखालचे पत्ते उपकरणांसाठी मोकळे ठेवणे. हे सोपे आणि फुकट होते, पण तेही कंत्राटदाराच्या स्मरणावर अवलंबून होते.

तिसरा पर्याय म्हणजे उपकरणांसाठी वेगळे जाळे. प्रयोगशाळेने तो निवडला आणि माझ्या मते तोच योग्य होता, ज्याचे कारण केवळ पत्त्यांची टक्कर हे नाही. टेबलावरची बहुतेक उपकरणे ५०२५ क्रमांकाच्या पोर्टवर (नेटवर्कवरून आत येण्याच्या क्रमांकित दारावर) साध्या मजकुरातल्या आज्ञा स्वीकारतात आणि पासवर्ड विचारत नाहीत. कार्यालयाच्या नेटवर्कवरील कोणताही संगणक, किंवा वायफायवरचा कोणताही मोबाइल, मल्टीमीटरची मापनश्रेणी बदलू शकतो किंवा विद्युत पुरवठा उपकरणाचे दाब बदलू शकतो. चाचणी प्रयोगशाळांसाठीचे २०१७ चे आयएसओ-आयईसी १७०२५ हे प्रमाण माहितीच्या व्यवस्थापनाबाबतच्या ७.११ या कलमात अनधिकृत प्रवेशापासून संरक्षण मागते. कर्मचाऱ्यांचे मोबाइल आणि मापन यंत्रे एकाच तारेवर ठेवून ही अट पाळली जाते, असे म्हणता येणार नाही. मॅडमना हा मुद्दा टकरीपेक्षाही अधिक पटला.

कंत्राटदाराची सुरुवातीला हरकत होती. वेगळे जाळे म्हणजे आपल्यावर अविश्वास, असे त्याला वाटले. या जाळ्याचा तुमच्या राउटरशी संबंधच राहणार नाही, त्यामुळे इथला कोणताही बिघाड तुमच्या माथी येणार नाही, हे समजावल्यावर त्यानेच हजेरी यंत्राचा पत्ता राखून दिला आणि कॅमेऱ्यांचेही पत्ते त्याच बैठकीत निश्चित केले.

मांडणी आणि पटलावरची नोंद

चाचणीच्या संगणकाला दुसरे नेटवर्क कार्ड बसवले, टेबलाखाली पाच भोकांचा एक साधा स्विच ठेवला आणि तो यूपीएसवर घेतला. मल्टीमीटर, विद्युत पुरवठा उपकरण आणि तापमान नोंदक हे तिन्ही केवळ याच स्विचला जोडले. या जाळ्यासाठी १०.२०.३० हा पट्टा निवडला. १० ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखीव असल्याने त्यांना कोणाची परवानगी लागत नाही. शिवाय कार्यालयाच्या १९२.१६८.१ पेक्षा तो पूर्ण वेगळा दिसतो. दोन्ही कार्डांना एकाच पट्ट्यातले पत्ते दिले असते तर कोणते उपकरण कोणत्या कार्डाच्या बाजूला आहे, हे संगणकाला ठरवता आले नसते आणि एका गोंधळाच्या जागी दुसरा आला असता. संगणकाच्या नव्या कार्डाला १०.२०.३०.१, मीटरला १०.२०.३०.११ आणि बाकीच्या दोघांना पुढचे दोन पत्ते दिले. सबनेट मास्क, म्हणजे पत्त्याचा कोणता भाग जाळ्याचा हे सांगणारा आकडा, सर्वत्र २५५.२५५.२५५.० ठेवला. गेटवे (जाळ्याबाहेर जाण्याची वाट) आणि डीएनएस (नावावरून पत्ता शोधण्याची सेवा) ही घरे संगणकाच्या नव्या कार्डावर मुद्दाम रिकामी ठेवली आणि मीटरवर गेटवे शून्य केला. नव्या कार्डावर गेटवे भरला असता तर संगणकाने इंटरनेटची वाट त्या बाजूने शोधायला सुरुवात केली असती, आणि तिकडे तर वाटच नाही. दोन्ही कार्डे एकत्र जोडणारा पूल किंवा इंटरनेट वाटून देण्याची सोय संगणकावर बंद असल्याची खात्री करून घेतली.

मीटरच्या पटलावर पत्ता भरताना एक बारकावा पुढे आला, जो इतर प्रयोगशाळांनाही उपयोगी पडेल. हे मीटर प्रत्येक घर तीन अंकी दाखवते, त्यामुळे पडद्यावर पत्ता ०१०.०२०.०३०.०११ असा दिसतो. तंत्रज्ञाने तो जसाच्या तसा संगणकावर पिंगसाठी लिहिला. पिंगला उत्तर आले नाही, आणि पडद्यावर पाहिले तर संगणक ८.१६.२४.९ या भलत्याच पत्त्याला हाका मारत होता. सुरुवातीला शून्य असलेली संख्या अष्टमान, म्हणजे दहाऐवजी आठाच्या पायावर मोजण्याच्या, पद्धतीतली समजण्याची संगणकाची जुनी रीत आहे. अष्टमानातील १० म्हणजे ८, २० म्हणजे १६, ३० म्हणजे २४ आणि ११ म्हणजे ९. मीटरने त्याच शून्यांकडे केवळ जागा भरणारे शून्य म्हणून पाहिले होते. म्हणून नोंदवहीत, मीटरवरच्या चिकटपट्टीवर आणि सॉफ्टवेअरमध्ये पत्ता नेहमी पुढच्या शून्यांशिवायच लिहायचा, असे ठरवले.

बदल केल्यावर मीटरला तो जतन करण्याची स्वतंत्र आज्ञा द्यावी लागते आणि नवा पत्ता मीटर बंद-चालू केल्यावर लागू होतो. मापनाच्या मांडणीसाठी दिली जाणारी नेहमीची रीसेटची आज्ञा नेटवर्कच्या मांडणीला हात लावत नाही, तेव्हा चाचणीच्या सुरुवातीला ती बिनधास्त द्यावी. नेटवर्क रीसेटचा पर्याय वेगळा आहे आणि तो दाबल्यास मीटर पुन्हा डीएचसीपीवर जाते. विंडोजने गेटवे नसलेल्या नव्या जाळ्याला अनोळखी ठरवून त्यावर सार्वजनिक जाळ्याचे कडक नियम लावले. त्यामुळे सॉफ्टवेअरच्या ‘उपकरण शोधा’ या बटणाने मीटर सापडेना. पत्ता हाताने लिहिताच संपर्क झाला आणि हे नियम राबवणारी फायरवॉल तशीच कडक राहू दिली.

सॉफ्टवेअरमध्ये एक बदल मी आग्रहाने करवून घेतला. पूर्वी ते पत्ता उघडून थेट वाचने मागत असे. आता प्रत्येक चाचणीच्या सुरुवातीला, आणि मोटार बंद करण्यापूर्वीही, ते उपकरणाला आयडीएन ही ओळख विचारणारी आज्ञा देते. उत्तरात उत्पादक, मॉडेल, अनुक्रमांक आणि फर्मवेअरची (उपकरणातल्या अंगभूत सॉफ्टवेअरची) आवृत्ती अशी चार घरे येतात. अनुक्रमांक नोंदवहीतल्या अनुक्रमांकाशी जुळला तरच चाचणी पुढे जाते, आणि हे उत्तर चाचणीच्या फाइलीत पहिल्या ओळीत लिहिले जाते. हजेरी यंत्राने निदान संपर्क तोडून आपण मीटर नसल्याचे कळू दिले. त्या पत्त्यावर उद्या त्याच मॉडेलचे, पण कॅलिब्रेशनची (मापनाच्या अचूकतेच्या तपासणीची) मुदत संपलेले दुसरे मीटर ठेवले गेले, तर ते न अडखळता वाचने देईल आणि अहवालावर पहिल्या मीटरच्या प्रमाणपत्राचा क्रमांक छापला जाईल. १७०२५ प्रमाणाचे ६.४.१३ हे कलम उपकरणाच्या नोंदीत अनुक्रमांक आणि फर्मवेअरची आवृत्ती मागतेच. ती माहिती उपकरणाकडूनच दर वेळी घेणे याहून खात्रीचा मार्ग मला दिसत नाही. कॅलिब्रेशनहून परत आलेल्या मीटरची नेटवर्क मांडणी कधी कधी कारखान्यातल्या मूळ अवस्थेत गेलेली असते, हेही या तपासणीतच उघड होते.

पडताळणी आणि मागील अहवाल

नवी मांडणी पडताळताना वीज मुद्दाम तोडून पाहिली: आधी टेबलाची, मग कार्यालयाची, मग दोन्हींची, आणि शेवटी कार्यालयाचा राउटर पूर्ण बंद ठेवून. मीटर प्रत्येक वेळी आपल्याच पत्त्यावर उठले. त्यानंतर एक मोटार पूर्ण चाचणीभर चालवून, मधल्या तासांत मीटरला एकही आज्ञा न देता, ती बंद केली. ओळखीचे उत्तर आले आणि पहिले वाचन लगेच मिळाले. दरम्यान संगणकाच्या एआरपी तक्त्यात मीटरच्या पत्त्यापुढे मीटरचाच मॅक पत्ता होता. आता हा मॅक पत्ता उपकरणाच्या नोंदवहीत आयपी पत्त्याशेजारी लिहिलेला आहे.

मॅडमनी एवढ्यावर प्रकरण मिटवले नाही, याचे मला विशेष वाटते. हजेरी यंत्र बसल्यापासून दुरुस्ती होईपर्यंत जे अहवाल ग्राहकांना गेले, त्यांचे काय, हा प्रश्न त्यांनीच उपस्थित केला आणि प्रमाणाच्या ७.१० कलमाप्रमाणे तो विसंगत कामाच्या नोंदवहीत घेतला. हजेरी यंत्र रोधाचे वाचन देऊच शकत नसल्याने अहवालांत खोटा आकडा शिरण्याचा संभव नव्हता. पण संपर्क तुटून तो काही वेळाने पुन्हा जुळला असेल, तर पहिली वाचने हुकलेली असू शकत होती आणि तरीही वक्र काढून उत्तर दिलेले असू शकत होते. म्हणून त्या काळातील प्रत्येक फाइल उघडून मोटार बंद झाल्याची वेळ आणि पहिल्या वाचनाची वेळ यांतील अंतर तपासले गेले. ज्या चाचण्यांत हे अंतर प्रयोगशाळेच्या स्वतःच्या कार्यपद्धतीत लिहिलेल्या मर्यादेत होते, ते अहवाल कायम ठेवले. ज्यांत ते ओलांडले होते त्या उत्पादकांना लेखी कळवून मोटारी परत मागवल्या आणि त्यांच्या चाचण्या प्रयोगशाळेच्या खर्चाने पुन्हा सुरू केल्या.